वरचं नाव

चूक सापडली तेव्हा वकीलबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, मग हसू गालातल्या गालात दाबलं. चूक ऑफिसातल्या नव्या मुलीची, नवीची होती.

खटला दूषित पाण्याचा होता. पाणीखात्याच्या दोन लाख जुन्या ईमेल वाचायच्या, न्यायालयाला लागतील त्या जपायच्या. उरलेल्या ईमेल शुक्रवारी कायमच्या पुसल्या जाणार होत्या. जूनपर्यंत आम्हाला काही कळलंच नव्हतं, असं खातं सांगत होतं. आणि नवीनं पुसायच्या गठ्ठ्यात टाकलेली ही ईमेल एप्रिलची होती. तिच्यात एक अक्षर नव्हतं. सोबत फक्त एक फोटो, काचेच्या पेल्यातल्या तपकिरी पाण्याचा.

वकीलबाईंची या कामात अठरा वर्षं गेली होती. नवीला लागून चार महिने झाले होते. सगळे तिला अजून नवीच म्हणत. तरी दर सोमवारी फळ्यावर अचूक कामाची यादी लागे, तिच्यात नवीचं नाव वर आणि त्यांचं खाली. तिकडे बघायचं नाही असं ठरवून त्या फळ्यासमोरून जात, आणि जाता जाता बघतच. नवीनं "ताई" अशी हाक मारली तरी त्यांच्या पोटात दुखे. त्यात साहेब निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची आता दोघींपैकी एकीची.

"साहेब, तुमच्या हुशार मुलीचं काम बघता का जरा?" त्यांनी आवाज जमेल तितका गोड ठेवला.

साहेबांनी नवीला बोलावलं. फोटो बघताच तिचा चेहरा उतरला.

"कोऱ्या ईमेल मी सगळ्याच टाकल्या, साहेब. ताईंच्या कामात तसंच आहे."

"माझ्या?"

"मला शिकवायला इथे कुणाला वेळ होता, ताई? जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या जुन्या खटल्यांच्या याद्या घेऊन बसायचे. काय ठेवलंत, काय टाकलंत, सगळं बघितलं. तुम्ही एकही कोरी ईमेल ठेवलेली नाही. मला वाटलं, नियमच असेल."

नियम नव्हता. घाई होती. त्या ईमेल केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. त्यांच्यासोबत कसले फोटो होते, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

साहेबांनी खणातून चुकांची वही काढली. बाकी सगळं संगणकावर असलं तरी चुका वहीतच लिहीत, पुसता येऊ नयेत म्हणून.

"ज्याची चूक, त्यानं आपलं नाव लिहायचं," ते म्हणाले.

नवीनं पेन उचललं. वकीलबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं, सावकाश स्वतःचं नाव लिहिलं आणि मग पेन तिला परत दिलं.

चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं नाव नवीच्या वर होतं.