चालू होत नाही

लॉन्ड्रीवाल्याची खटारा व्हॅन इतकी वर्षं रस्त्यावर होती, ती शेजारच्या मेकॅनिकच्या जिवावर. तो फक्त पार्टचे पैसे घ्यायचा. मजुरीचं नाव काढलं की हसायचा.

त्या संध्याकाळी लॉन्ड्रीवाला सीटवर नवी कव्हरं चढवत असताना मेकॅनिकची बायको धावत आली. "भाऊजी, ह्यांच्या छातीत कळ आलीय, सारख्या उलट्या होतायत. दवाखान्यात न्यायचंय, गाडी काढा!"

त्याने कोऱ्या कव्हरांकडे पाहिलं आणि तोंड पाडलं. "वहिनी, सकाळपासून चालूच होत नाहीये हो."

ती रडत माघारी पळाली.



थोड्या वेळाने एका हाताने छाती दाबत, दुसऱ्या हातात पान्यांची पिशवी घेऊन मेकॅनिक स्वतःच आला. "सकाळपासून बंद आहे आणि मला हाक नाही मारलीस? बॉनेट उघड."