रुख्माबाईंची खोली

चंद्रभानने भिंतीवर तळहात टेकवला आणि ओला झालेला हात तसाच बायकोसमोर धरला.

"पुन्हा?"

"पुन्हा," प्रेमिला म्हणाली.

सक्करदऱ्यातल्या त्या घराची मागची खोली रुख्माबाईंसाठी रिकामी केली होती; खिडकीतला कूलर तेवढा राहिला होता. वडील गेल्यापासून आई गावी, कुहीला, एकटी राहते, हे चंद्रभानला सहन होत नव्हतं. "मले इथंच बरं वाटते गा," असं आई दर फोनला सांगायची. पण आईचं ऐकायचं नसतं, तिची सेवा करायची असते, असं त्याचं ठाम मत होतं. येत्या रविवारी तो तिला कायमची घेऊन येणार होता.

आणि नेमकी आताच भिंतीवर बुरशी उगवली. आधी बांगडीएवढी, मग ताटाएवढी, मग विदर्भाच्या नकाशासारखी, अमरावती विभागासकट.

चंद्रभान कळमेश्वरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सकाळी आठला निघायचा, सातला परतायचा. त्यामुळे लढाई प्रेमिलाच्या अंगावर पडली. दुपारची जेवणं आटोपली की ती बादली घेऊन खोलीत शिरायची, दार-खिडक्या लावून घ्यायची आणि संध्याकाळी पदराने कपाळ पुसत बाहेर यायची.

शेजारच्या बायजाबाईंना भरून आलं. "सासूसाठी एवढं कोण करते वं आजकाल?"

"करा लागते," प्रेमिला म्हणाली.

शनिवारी चंद्रभानने वसंत पेंटरला बोलावलं. त्याने भिंत आतून ठोकली, बाहेरून ठोकली, गच्चीवरही जाऊन आला.

"पाणी कुठूनच येऊन नाही राह्यलं, भाऊ. बाहेरून ठणठणीत आहे."

"मंग काय भिंतीले घाम येऊन राह्यला?"

"ते मले नाही सांगता येत. पण ओल्यावर रंग धरत नाही. दिवाळीनंतर पाहू."

रविवारी रुख्माबाई आल्या. खोलीत पाऊल टाकायच्या आधीच, उंबऱ्यावर, त्यांना खोकला आला. तासाभरात त्यांनी तीनदा छाती धरली. चंद्रभानचं तोंड उतरलं.

"माय, तू हॉलमधी झोप ना."

"हॉलमधी पाहुणे झोपतात, बापा. मी काय पाहुणी आहो?"

सोमवारी त्याने सुटी टाकली, गाडी काढली आणि बायकोला सोबत घेऊन आईला कुहीला परत नेलं.

"भिंत वाळली का घ्यायले येतो, माय."

"वाळन कधी ना कधी," रुख्माबाई फार कष्टाने म्हणाल्या.

घर आलं. चंद्रभान डिक्कीतून गादी काढायला मागे गेला. समोरच्या बांधीत धानाची रोवणी चालली होती; बाया रुख्माबाईंना हाका मारू लागल्या. रुख्माबाईंनी लुगडं वर खोचलं आणि सुनेला जवळ ओढलं.

"आता तो कूलर बंद ठेवजो वं. मी सांगतलं म्हणून भर पावसात पाणी टाकू टाकू पंधरा दिवस चालवला तुनं. मोटर जळली तं पुढच्या वर्षी काय करू आपण?"