जिना

"डोळे मिटा. समोर जिना आहे. एकेक पायरी खाली उतरा. अंग सैल होत जाईल," डॉ. रेगे संथ आवाजात म्हणाल्या. संमोहनाची सुरुवात त्या नेहमी अशीच करत.

हेरंबच्या मुठी आवळल्या आणि त्यांना चूक कळली. इमारत कोसळताना हेरंब जिन्यावरूनच धावत सुटला होता. आई वरच राहिली आणि ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती.

"थांबा. वर जा," त्यांनी घाईनं सावरलं.

हळूहळू त्याच्या मुठी सुटल्या. "आई दारातच उभी आहे. म्हणते, अनवाणी कुठं पळालास रे, गाढवा?" तो चक्क हसला.

डॉक्टरांच्या जिवात जीव आला. मग त्यांनी त्याला हलकेच जागं केलं.

त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"डॉक्टर, पुन्हा मी एकटाच खाली आलो."