कोटाची शिलाई

माझ्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली चेक सापडला आणि करसल्लागार काकांनी कपाळाला हात लावला. “वर्ष संपायच्या आधीचा आहे हा! बँकेत का नाही भरलास?” “राहून गेलं.” “वटला नसला तरी ज्या वर्षी हातात पडला, त्याच वर्षाची कमाई, बाळ.” सही बघून त्यांचा आवाज मऊ झाला. “वडिलांचा का? मग भेट म्हणून दाखवू. कर लागायचा नाही.” बाबा जन्मभर चारचौघांत सांगायचे, “पोरगी चिंध्या जोडते, ते आम्ही कमाईत धरत नाही.” शेवटच्या आजारपणात मात्र माझ्याकडून कोट शिवून घेतला, आरशासमोर उभे राहून खांदे तपासले, गिऱ्हाइकासारखी घासाघीस केली आणि पन्नास कमी करून चेक लिहिला. मागच्या बाजूला पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात नोंद होती: ‘कोटाची शिलाई.’ मी चेक उलटा करून काकांपुढे ठेवला. “भेट नाही ही, काका. कमाईत धरा.”