मोठं हॉस्पिटल

वडिलांच्या छातीतली कळ थांबत नव्हती, आणि मुलगी फॅमिली डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी घ्यायला तयार नव्हती.

“एवढं मोठं हॉस्पिटल सोडून त्या वीस खाटांच्या ठिकाणी? तुमचं काही साटंलोटं आहे का तिथे?”

वीस वर्षं या घराची दुखणी काढलेल्या डॉक्टरांनी सरळ फोन लावला. “हृदयाचे डॉक्टर आत्ता तिथेच आहेत ना? पेशंट घेऊन निघतोय.”

“स्वतःच्या आईला नेलं असतंत तिथे?”

“आईला मोठ्याच हॉस्पिटलात नेलं होतं,” वडिलांना आधार देऊन उठवत डॉक्टर म्हणाले. “तिथे सगळं होतं. हृदयाचे डॉक्टर तेवढे वाटेत होते.”

मुलीने धावत जाऊन गाडीचं दार उघडलं.