धरलेली मान

लालबागच्या त्या अख्ख्या चाळीत संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधात एकटा राजाराम. नेमकी त्याच्याच बाजूच्या मंत्र्यांच्या सभेच्या दिवशी त्याची मान धरली.

डॉक्टर म्हणाले, "कानामागून गळ्याखालच्या हाडापर्यंत उतरणारा उजवा स्नायू आखडलाय. तो ओढला की तोंड डावीकडे फिरतं."

तरी राजाराम पहिल्या रांगेत जाऊन बसला. मंत्री बोलत होते आणि हा तासभर भिंतीकडे तोंड करून!

संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीवाले ढोलताशे वाजवत चाळीत आले. "मंत्र्याचं तोंडसुद्धा बघितलं नाहीस, वाघ आहेस!" म्हणत त्यांनी हार घातला आणि निवडणुकीचं तिकीटच देऊ केलं.

तेवढ्यात बायको मान शेकायला गरम मिठाची पुरचुंडी घेऊन आली.



"राहू दे गं," राजाराम पुटपुटला, "निकालापर्यंत अशीच बरी."