फकिराचं दुसरं पान

"तळ्याची पाळ वाचवताना मेला, तो फकिरा माहा आजा," बाबा प्रत्येक लग्नात सांगायचे.

बी.एस्सी. झाल्यावर मी भंडाऱ्याला जाऊन जुन्या नोंदी तपासल्या. गावात तेव्हा फकिरा ढिवर दोन होते. पाळ वाचवणारा बिनलग्नाचाच गेला होता. आम्ही दुसऱ्याचे वंशज.

जाळं विणत बसलेल्या बाबांना मी चाचरत हे सांगितलं. ते हसले.

"अबे सायन्सवाल्या, भंडाऱ्यापर्यंत गेला! पितरांच्या दिवशी फकिराच्या नावानं आपण दोन पानं काहून वाढतो, हे घरात कधी इचारलं का?"

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"पाळवाल्या फकिराले पान वाढाले कोणी नवतं. मंग आपल्या फकिरानं भर पंचात सांगतलं, 'आजपासून माही लेकरं दोघाइची.'"